दाणा, पाणी आणि खरारा

आपल्या घरांत घोडा दोनदाच येतो. एकदा लग्नाच्या वरातीत आणि एकदा माथेरान-महाबळेश्वरच्या सहलीत. दोन्ही वेळा आपण त्याच्या पाठीवर बसतो, फोटो काढतो, पैसे देतो आणि उतरतो. तो सकाळी काय खाऊन आला होता, त्याला शेवटचे पाणी कधी मिळाले, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. बोलण्यात मात्र घोडा रोज असतो. काम अडले की आपण सहज म्हणतो, "घोडं कुठं पेंड खातंय?" पण खऱ्या घोड्याला पेंड किती द्यावी, कधी देऊ नये, हे विचारले तर घरातले थोरही गप्प होतात.

आम्हीही त्यांतलेच होतो. आम्ही म्हणजे आठ जण: तीन शिक्षक, एक ग्रंथपाल, दोन पालक माता आणि नववीत शिकणारी त्यांची दोन मुले. आमचा गाव नेरळच्या बाजूचा. माथेरानचा डोंगर अंगणातून दिसतो, पण तिथल्या घोड्यांकडे आम्ही पाहुण्यासारखेच पाहत होतो. पावणेदोन वर्षांपूर्वी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने माथेरानला घोड्यांचे तपासणी शिबिर घेतले आणि मदतीला माणसे हवीत, असा निरोप शाळेत आला. आम्ही गेलो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "शिबिर महिन्यातून एकदा होते. घोडा रोज जेवतो. खरी मदत करायची असेल, तर एखाद्या घोडेवाल्याकडे जाऊन काम शिका." तेव्हापासून दर रविवारी आणि सुट्ट्यांत आम्ही एका चाचांच्या तबेल्यात जातो. त्यांच्याकडे तेव्हा तीन जनावरे होती: सतरा वर्षांची घोडी चांदणी, तिच्याहून तरणा बादल आणि राजा.

घोड्यावर चालणारे गाव

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे लाल मातीची वाट सुरू होते. 1907 साली नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे सुरू झाली. ती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून उभी राहिली, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. पण रेल्वे आली तरी गावातली ने-आण घोडे आणि माणसेच करत राहिली. पर्यटकांबरोबर गॅसच्या टाक्या, सिमेंटच्या गोण्या आणि भाजीपालाही घोड्यांच्या पाठीवरून आला. अलीकडे काही ई-रिक्षा धावू लागल्या आहेत. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्ट त्यामुळे कमी झाले, ही चांगली गोष्ट. घोडेवाल्यांना मात्र उद्याच्या रोजीची काळजी लागली आहे.

या धंद्याचे गणित समजल्याशिवाय घोड्याचे खाणे समजत नाही. ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हंगाम. जूनच्या मध्यावर धो-धो पाऊस लागतो, नेरळहून येणारी गाडी बंद होते आणि गिऱ्हाईक आटते. कमाई थांबते, घोड्याचे पोट थांबत नाही. मोटारसायकल चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवता येते, घोडा ठेवता येत नाही. चाचांच्या घरातली प्रत्येक चिंता शेवटी याच एका गोष्टीशी येऊन थांबते.

पहिला धडा: जवळ कसे जावे

पहिले दोन रविवार आम्हाला चाऱ्याला हात लावू दिला नाही. आधी जवळ जायला शिका, असा चाचांचा हुकूम होता. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जायचे नाही. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. आधी मानेवर हात ठेवायचा, एकदम तोंडावर नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कारण घोडा बिचकला तर बोटे तुटतात. काही भरवायचे तर तळहात सपाट ठेवून.

त्याचे कान वाचायला शिकलो. पुढे वळलेले कान म्हणजे लक्ष आहे. मागे चपटे झालेले कान म्हणजे दूर राहा. वर्गात आम्ही मुलांचे चेहरे वाचतो. इथे कानांची भाषा शिकावी लागली. आमच्यातल्या नववीच्या मुलीला ती सर्वांत आधी आली. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नाही. तबेल्यात ती चांदणीशी अखंड बोलत असते आणि घोडी कान वळवून ऐकत असते.

घोड्याच्या आणि माणसाच्या दोघांच्याही धनुर्वाताच्या लसी झालेल्या असाव्यात, हे डॉक्टरांनी बजावले. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. साधा खिळा पुरतो.

लहान जठर, लांब जेवण

मग चाऱ्याचा पाठ सुरू झाला. घोडा एवढा थोर दिसतो, पण त्याचे जठर लहान असते. मोठ्या जातीच्या घोड्यातही ते 8 ते 15 लिटरच. गाय एकदम भरपूर खाऊन सावकाश रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. मोकळा सोडला तर तो दिवसातले 15-16 तास थोडे थोडे चरत राहतो. त्याचे पोट याच रीतीसाठी बनलेले आहे. चाऱ्यातला तंतू पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो आंबवून पचवतात. हे जंतू रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. चारा अचानक बदलला की तेही बिघडतात. म्हणून कुठलाही नवा चारा किंवा दाणा सात ते दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यायचा.

आणखी एक गोष्ट ऐकून आमच्यातल्या दोघी माता सुन्न झाल्या: घोड्याला उलटी होत नाही. लहान मुलाच्या पोटात काही वाईट गेले तर ते बाहेर पडते. घोड्याच्या पोटात गेलेले पुढेच जाते, नाहीतर अडकते.

किती द्यायचे, हे ठरवायला आधी वजन हवे. तबेल्यात वजनकाटा कुठून असणार? त्यासाठी एक सूत्र आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि 11,880 ने भागायचे. उत्तर किलोत येते. चांदणीचा घेर 150, लांबी 145. मुलांनी तबेल्याच्या दारावर खडूने गणित मांडले: जवळपास 275 किलो. आमच्या गणिताच्या सरांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. इतकी वर्षे मुले विचारत होती, "सर, याचा उपयोग काय?"

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो. म्हणजे चांदणीला साडेपाच किलो. हा चारा मुख्यतः गवताचा, आणि तो दिवसातून चार-पाच वेळा विभागून द्यायचा. रात्रीचा हिस्सा मोठा ठेवायचा, कारण रात्र लांब असते आणि रिकामे जठर आम्लाने जळते. आमच्या भागात भाताचा पेंढा मुबलक मिळतो, पण त्यात सत्त्व कमी. डोंगरावरचे वेळेवर कापून नीट वाळवलेले गवत त्यापेक्षा बरे. लसूणघास पौष्टिक, पण बेताने.

दाणा, म्हणजे चंदी, ही कष्ट करणाऱ्या घोड्यासाठी. भिजवलेला हरभरा, जव, ओट. दाणा एका वेळी फार द्यायचा नाही. चांदणीच्या वजनाच्या घोड्याला एका खेपेला किलो-सव्वा किलोपेक्षा जास्त कधीच नाही. कामावरून दमून आल्याबरोबर तोबरा चढवायचा नाही. आधी श्वास शांत होऊ द्यायचा, पाणी आणि थोडे गवत द्यायचे, दाणा तासाभराने. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून रोज भरपूर देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते, त्यामुळे वर्षानुवर्षे तोच दिल्यास हाडे कमजोर होतात. गुरांचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य तर घोड्याला मुळीच द्यायचे नाही. त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते गाईला चालते, पण घोड्याचे हृदय बंद पाडते.

पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून अधिक. बादली रोज घासून धुवायची. बुळबुळीत बादलीतले पाणी घोडा तहान असूनही नाकारतो, आणि पाणी कमी पडले की कोरडा चारा आतड्यात अडकतो. शिवाय मिठाचा खडा चाटायला ठेवायचा. घामातून मीठ जाते.

हे सगळे आम्ही फळ्यावर लिहून तबेल्यात टांगले. चाचांना उर्दू वाचता येते, त्यांच्या मुलाला मराठी. म्हणून फळ्याचे दोन भाग केले. उजवीकडून चाचा वाचतात, डावीकडून मुलगा, आणि मध्ये चांदणीचे चित्र.

लीद मोजणारी वही

खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करणे. आम्हाला वाटले होते, हे दिसण्यासाठी करतात. चाचांनी सांगितले, "हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही." खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो. खोगिराखाली सोललेली जागा, पायावरची सूज, गोचीड, गरम लागणारा खूर, सगळे तेव्हाच सापडते. जखमेवर खोगीर चढवायचे नाही, हा पहिला नियम.

मग खूर. रोज चारही पाय उचलून खुरातली माती, खडे, लीद काढायची. अवजार टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचे. खुराच्या मध्ये एक त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, तिथे जपून. पावसाळ्यात ओल राहिली की तो कुजतो आणि घाण वास येतो. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. नाल झिजली नसली तरी खूर वाढलेला असतो आणि तो कापावा लागतो.

शेवटी लीद. धडधाकट घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो. लीद ही घोड्याच्या पोटाची बातमी असते. कोरडी, कडक, पातळ, चिकट, अख्खे दाणे दिसणारी: प्रत्येकीचा अर्थ वेगळा. चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडत असतील किंवा लिदीत अख्खे दाणे येत असतील, तर दाढांना धार आली असेल. त्या घासून घ्याव्या लागतात. आमच्या नववीच्या मुलीने एक वही केली. तारीख, चारा, पाणी, लीद, ताप. घोड्याचे नेहमीचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस. स्वस्थ उभा असताना नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. सुरुवातीला चाचा हसत. "आमच्या बापजाद्यांनी लीद मोजली नाही," म्हणाले. मे महिन्यातल्या त्या रविवारनंतर ते हसले नाहीत.

मे महिन्यातला रविवार

गर्दीचा दिवस होता. चांदणी सकाळपासून मुख्य रस्त्यावर उभी होती. घोडा गोड दिसतो, मुलांना त्याला भरवायचे असते, आणि पर्यटकांच्या हातात पाव, भजी, बिस्किटे, मक्याची कणसे असतात. कुणाचाही हेतू वाईट नसतो. चाचांचा मुलगा दुसऱ्या फेरीवर होता. नेमके किती पाव तिच्या पोटात गेले, हे कळायला मार्ग नाही. दुपारी ती परत आली तेव्हा गवत हुंगून तिने तोंड फिरवले. मग पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. थोड्या वेळाने खाली बसली, उठली, पुन्हा बसली. मुलीने वही उघडली. सकाळी सातनंतर लीद नव्हती.

हा पोटशूळ. घोडे मरण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. आमच्यातल्या एकाने डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्याने नाडी मोजली: 56. हिरडी दाबून सोडली तर रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. इथे वेळ लागत होता. फोनवर आकडे सांगता आले, म्हणून डॉक्टरांना किती घाई करायची हे कळले. त्यांनी सांगितले, चारा-दाणा सगळा काढून घ्या, तिला सावकाश फिरवा, लोळू देऊ नका, पण दमवूही नका. शेजारचे एक बुजुर्ग बाटलीने तेल पाजायला निघाले होते. डॉक्टरांनी फोनवरच थांबवले. जबरदस्तीने पाजलेले तेल फुप्फुसात गेले, तर पोटाआधी घोडा त्यानेच जातो. पोटावर डाग देण्याचा सल्लाही कुणीतरी दिला. चाचांनी मानेनेच नाही म्हटले.

डॉक्टर दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीने आणि पुढे पायी आले तेव्हा मगरिबची वेळ झाली होती. त्यांनी वेदना थांबवण्याचे इंजेक्शन दिले, नाकातून जठरापर्यंत नळी घातली, कोंडलेला वायू सोडला आणि त्याच नळीने औषध दिले. मग वाट पाहणे. आम्ही पाळीपाळीने तिला फिरवत होतो. भाभींनी सगळ्यांसाठी चहा आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. स्वतः मात्र काही खाल्ले नाही. रात्री उशिरा त्या म्हणाल्या, "माझ्या दोन्ही मुलींची लग्नं हिच्या पाठीवर झाली." त्यांना वरात म्हणायची नव्हती, खर्च म्हणायचा होता.

फजरच्या अजानीनंतर थोड्या वेळाने चांदणीने लीद टाकली. आठ शिकलेली माणसे, एक डॉक्टर आणि एक घोडेवाला लिदीकडे पाहून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले. मुलीने वहीत वेळ लिहिली: 5.50.

तेल, पाव आणि दया

त्या रात्रीने आम्हाला जे शिकवले, ते साधे आहे. पाव भरवणाऱ्यांनी दयेने भरवले. तेल पाजू पाहणारे बुजुर्गही दयेनेच निघाले होते. दया होती, पण त्या पोटाची माहिती नव्हती. बांधलेल्या जनावराला स्वतःचे अन्न निवडता येत नाही. रानातला घोडा सडलेले गवत सोडून पुढे जातो. दोरीला बांधलेला घोडा जे समोर येईल ते खातो. आपण त्याला बांधले, त्या घटकेपासून त्याच्या पोटाचा हिशेब आपल्याकडे आला. मांजरीला बांधून ठेवून अन्नही न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या त्या स्त्रीची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती ऐकताना आपले लक्ष उपाशी मांजरीकडे जाते. आम्हाला आता त्यातली दोरी अधिक दिसते.

सहीह बुखारीत अल्लाहच्या मार्गात घोडा पाळणाऱ्याबद्दल सांगितले आहे, की त्या घोड्याचा चारा, पाणी आणि लीदसुद्धा कयामतच्या दिवशी त्याच्या नेकीच्या पारड्यात येईल. त्या हदीसचा संदर्भ वेगळा, आमचे काम फार लहान. पण घमेले भरून लीद उचलताना ती आठवली की पाठ जरा कमी दुखते.

शब्दांची पागा

मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्यांना तबेला म्हणजे खजिनाच. लगाम, चाबूक, तोबरा, खोगीर, जीन, नाल, नालबंद, स्वार: हे शब्द फार्सी-अरबीच्या वाटेने आले आणि मराठीत इतके मुरले, की ते पाहुणे होते हे कुणाला आठवत नाही. खोगीरभरती म्हणताना आपल्याला फार्सी बोलतोय असे वाटत नाही. आणि उलटही झाले आहे. घोड्यांच्या वैद्याला उर्दूत सलोतरी म्हणतात. हा शब्द आला शालिहोत्र या नावावरून, ज्याच्या नावे संस्कृतातले अश्ववैद्यक ओळखले जाते. जनावराचे दुखणे बरे करायला निघालेल्या माणसांनी एकमेकांचे ज्ञान असे घेतले. वर्गात हे सांगितले, तेव्हा मुलांनी तबेल्यातले शब्द गोळा करून दोन लिप्यांत तक्ता केला.

गवताचा माच

चांदणी वाचली, पण त्याच वर्षी जुलैत राजा गेला. आजाराने नव्हे. पाऊस लागला, गिऱ्हाईक संपले, गवताचा भाव चढला, साठवलेला चारा ओल येऊन बुरसटला. बुरसटलेला चारा घोड्याला द्यायचा नाही, हे फळ्यावर आम्हीच लिहिले होते. चाचांनी तो फेकला. नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी एक घोडा व्यापाऱ्याला विकला आणि उरलेल्या दोघांचा चारा आणला. आम्ही पुढच्या रविवारी गेलो तर राजाचे ठाण रिकामे होते. नववीचा मुलगा, जो राजाचा खरारा करत असे, ब्रश हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. चाचा त्याला म्हणाले, "बेटा, दोघं जगावीत म्हणून तिसरा दिला."

तेव्हा आम्हाला कळले, की जूनमध्ये दान मागून भागणार नाही. आमच्या खोऱ्यात पावसानंतर डोंगरउतारावरचे गवत कापतात. दिवाळीनंतर ते वाळून तयार होते आणि तेव्हाच सर्वांत स्वस्त असते. मागच्या डिसेंबरात आम्ही शिक्षकांनी दरमहा थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे एकत्र केले, चाचांनी हंगामाच्या कमाईतून त्यांचा वाटा घातला आणि नेरळच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून दोन टेम्पो गवत घेतले. ते उसने आहे, खैरात नाही, हे चाचांनी आधीच ठरवून टाकले. पैसे ते पुढच्या हंगामात फेडणार, आणि त्याच पैशातून पुढचे गवत. गवत जमिनीवर न ठेवता बांबूच्या माचावर रचले, भिंतीपासून हातभर दूर, वर ताडपत्री आणि बाजूंनी वारा मोकळा. शेजारच्या दोन घोडेवाल्यांनी पाहिले आणि तेही सामील झाले.

सगळ्याच बाबतींत चाचांचे आणि आमचे जमते असे नाही. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार उचलू नये, असा एक अंदाज जाणकार देतात. चांदणीसाठी तो खोगिरासकट 55 किलो होतो. चाचांनी विचारले, "गिऱ्हाईक वजनकाट्यावर उभं करू का, सर?" प्रश्न खोटा नव्हता. आता ते चांदणीवर फक्त मुले बसवतात आणि मोठ्यांना बादलवर. तोही चांदणीपेक्षा थोडाच मोठा. यात कमाई घटते, हे आम्हाला दिसते. 1965 च्या नियमांनी ओझ्याच्या तट्टूवर 70 किलोंची मर्यादा घातली आहे. अशा जनावरांकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. नियम आहेत. ते पाळणे घोडेवाल्याला परवडेल असे वागणे मात्र गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

सहलीला जाल तेव्हा

वाचक भगिनी-बंधूंनो, तुम्ही माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी कुठेही जाल, तेव्हा एवढे करता येईल. घोड्याला हातातले काही भरवू नका. मुलांना फारच हौस असेल तर घोडेवाल्याला विचारा आणि तो म्हणेल तेवढेच, त्याच्या देखत. बसण्याआधी घोड्याची पाठ, गुडघे, डोळे पाहा. लंगडणारा, जखमी किंवा नाकातून घट्ट स्राव येणारा घोडा नाकारा, आणि का नाकारला ते नरमाईने सांगा. नाकातल्या स्रावाकडे दुर्लक्ष नको. ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होतो आणि त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला द्यावी लागते. भारदस्त माणसांनी पायी चालावे. वाटही सुंदर आहे. भावात शेवटच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ते दहा रुपये बहुतेक वेळा गवतातून कापले जातात.

आणि ज्यांच्या गावाजवळ टांगा, वरातीचे घोडे किंवा डोंगरावरची तट्टे आहेत, त्यांनी महिन्यातून दोन रविवार देऊन पाहावेत. मोठी संस्था लागत नाही. एक जाणकार घोडेवाला, एक डॉक्टर फोनवर, एक वही, एक बादली आणि वेळेवर पोहोचणारी चार माणसे पुरतात. मुलांना बरोबर न्या. मार्कांच्या शर्यतीत मागे पडलेले एखादे मूल तिथे सगळ्यांच्या पुढे निघते.

या पावसाळ्यात चाचांनी एकही घोडा विकला नाही. माचावरचे गवत अजून साधारण तीन आठवडे पुरेल. चांदणीचे वय होत चालले आहे, तिच्या दाढा आता गवत नीट चावू शकत नाहीत, म्हणून तिला बारीक कापून, भिजवून द्यावे लागते. त्यात वेळ जातो. आमची मुलगी यंदा दहावीत आहे, रविवारी क्लास असतो. ती आता पहाटेच्या गाडीने दस्तुरीला येते, चांदणीचा चारा कापून भिजवते, वहीत लिहिते आणि नऊच्या आत परत उतरते.